‘हिरॉइन महिन्यात सेटवर आली, मग तुला एवढी रजा कशाला?’

अभिनेत्री बाळंतपणानंतर लगेच शूटिंगला आली, की तिचे फोटो दाखवून ऑफिसात बोललं जातं: मनात असलं की जमतं, रजा ही तर मालकाची मेहेरबानी. हे साफ चूक आहे. अभिनेत्री कुणाची पगारी नोकर नसते; तारखा ती ठरवते. नोकरदार बाईला प्रसूतीनंतर सहा आठवडे कामावर घ्यायलाच कायद्याने मनाई आहे, ती स्वतः ‘येते’ म्हणाली तरी!

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली ही तरतूद त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. आधीची दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. दुसऱ्यांच्या घरी घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र यातलं काहीच मिळत नाही, आणि हा खरा अन्याय आहे.

घोटाळा होतो तो तोंडी सांगण्याने. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ मिळतात, उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर रक्कम तिथून येते.