ईसीजी नॉर्मल आला म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं

"ईसीजी नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." कॅज्युअल्टीतून हे वाक्य ऐकून घरी आलेली माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत, आणि मला या वाक्याचा खरंच राग येतो. हार्ट ठीक असेलही, पण त्या माणसाला दरदरून घाम फुटला होता, छाती धडधडत होती, आपण आत्ता मरणार अशी खात्री पटली होती, ते काय उगाच? त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि तो पूर्णपणे शरीरात घडतो.

होतं काय, तर धोका नसताना मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, माणूस भराभर श्वास घ्यायला लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की माणूस अजून घाबरतो की आता पॅरालिसिसच होतोय! साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरतं.

एखादा अटॅक आला म्हणून लगेच आजार ठरत नाही. अटॅक अचानक, पुन्हा पुन्हा येत असतील आणि निदान महिनाभर 'परत आला तर?' ही धास्ती असेल किंवा त्यापायी वागणं बदललं असेल, तेव्हा पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-3 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. निदानासाठी स्कॅन किंवा रक्ताची टेस्ट नाही, नीट बसून विचारावंच लागतं. मात्र थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं तरी अशीच धडधड होते, म्हणून आधी टीएसएच ही थायरॉईडची टेस्ट बघतात, ठोक्यांची लय बघतात, चहा-कॉफी किती, दारू किती, तेही विचारतात.

खरं नुकसान अटॅकपेक्षा टाळाटाळीने होतं. आधी लोकल बंद, मग लिफ्ट, मग एकट्याने बाहेर जाणं बंद, आणि घरचे पण प्रेमापोटी म्हणतात, राहू दे, नको जाऊस. टाळलं की बरं वाटतं ना, तिथेच भीती पक्की होते.

म्हणून सीबीटी नावाच्या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीत उलटं करतात. थेरपिस्ट समोर बसवून मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, फिरत्या खुर्चीत गरागरा फिरवतात. तीच धडधड, तीच चक्कर, आणि काहीही वाईट होत नाही! हे पुन्हा पुन्हा केलं की मेंदू शिकतो, नुसतं "घाबरू नकोस" सांगून शिकत नाही. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा प्रेग्नन्सी असेल तर हे घरी स्वतःच्या मनाने करू नका.)

औषधांत एसिटालोप्राम, सरट्रालिनसारख्या एसएसआरआय (डिप्रेशन आणि अँग्झायटीवर देतात त्या) गोळ्या पहिल्या. यांची सवय लागते ही भीती घराघरात आहे पण चटक लावणाऱ्या गोळ्या या नव्हेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते म्हणून कमी डोसने सुरू करतात, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही, मग लोक चौथ्या दिवशी गोळी सोडून देतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणून जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घेणारे लोक आहेत. घेत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

छातीत पहिल्यांदाच दुखलं तर आधी हॉस्पिटल, घरबसल्या 'पॅनिकच असेल' म्हणू नका. आणि तिथे सगळं नॉर्मल निघालं तर "मग हे पॅनिक अटॅक असू शकतात का, कुणाला दाखवू?" असं तिथल्या तिथे विचारा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.