झाडं किंचाळत नाहीत, बोटं मोडतात

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक ध्वनिफीत फिरत फिरत आली. 'तहानलेल्या टोमॅटोचं रडणं इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी टिपलं' असं वर लिहिलेलं आणि खाली हात जोडलेले सहा इमोजी. लावून पाहिली तर कढईत लाह्या फुटाव्यात तसा टकटकाट. मावशीने लगेच लिहिलं, "म्हणूनच आमची आई दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू देत नव्हती." मी तिला 'यातलं निम्मं खरं आहे' असं कळवलं आणि ती रागावली. दोन्ही निम्मी ग्रुपवर मावणारी नव्हती, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी खरं निम्मं. तेल अवीव विद्यापीठात लिलाख हदानी यांच्या गटाने टोमॅटो आणि तंबाखूची रोपं आवाजबंद पेटीत ठेवली, प्रत्येकापासून दहा सेंटिमीटरवर मायक्रोफोन लावले आणि पाणी तोडलं. २०२३ साली 'सेल' या नियतकालिकात त्यांचे आकडे आले. पाणी न मिळालेलं टोमॅटोचं रोप तासाला सरासरी ३५ वेळा 'टक्' करतं, तंबाखूचं ११ वेळा. पाणी घातलेलं रोप तासाला एकदाही धड नाही. आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झच्या आसपासचा. आपले कान २०च्या पुढे बंद, त्यामुळे आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

म्हणजे ग्रुपवरचा तो टकटकाट रोपाजवळ बसून कोणी ऐकलेला नाही. आपल्या कानाला झेपावा म्हणून स्वर खाली आणला आणि मधली शांतता कापून टाकली, तेव्हा कुठे लाह्या फुटल्या. मुळात दीड-दोन मिनिटांनी एक टक्. याला किंचाळणं म्हणायचं तर आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ आक्रोश करतो असं म्हणावं लागेल.

पण हा आवाज येतो कुठून? माझं मन खरं अडकलं आहे ते इथे, आणि पुढचे तीन-चार परिच्छेद त्यातच जाणार आहेत.

विहिरीच्या काठावर मोटर ठेवून पाणी ओढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर ओढेनाशी होते, मग ती खाली उतरवावी लागते. कारण पंप पाणी 'ओढत' नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. या दाबाची ताकद फार तर दहा मीटरची, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच दम निघतो. आता माडाकडे बघा. वीस मीटरवर नारळ लागलेत, त्यात पाणी आहे, आणि बुंध्यात मोटर नाही.

डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये याचं जे उत्तर दिलं, ते ऐकून तेव्हाच्या बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, झाड पाणी खरोखरच ओढतं, दोरी ओढावी तसं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की केसाइतक्या बारीक नळीत पाण्याचा सलग धागा बनतो. पानातून वाफ उडाली की वरचं टोक ओढलं जातं आणि ती ओढ थेट मुळापर्यंत पोचते. शाळेच्या पुस्तकात ज्यांना जलवाहिन्या म्हटलंय, त्या म्हणजे या नळ्या. त्या मेलेल्या पेशींच्या असतात. झाडाचा पाणीपुरवठा असा मढ्यांच्या रांगेतून चालतो.

हा धागा वर टांगलेला कशाला असतो? पानातल्या पेशीभित्तिकांत अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा वक्र पडदा. छिद्र जितकं बारीक, तितका पडदा जास्त ताण सोसतो. त्रिज्या मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी धरली, तर पृष्ठताणाचं साधं सूत्र सुमारे १४० वातावरणं, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या १४० पट, हा आकडा देतं. झाडाला इतका लागत नाही. तहानलेल्या टोमॅटोच्या नळ्यांत दहा वातावरणांच्या आसपास ताण असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या चार-पाच पट, पण उलट दिशेने. टायर बाहेर ढकलतो, ही नळी आत ओढली जाते. दाब शून्याच्याही खाली जातो हे वाचून भौतिकशास्त्र घेतलेली मंडळीही दचकतात. वायूत ते अशक्य आहे, द्रवात शक्य आहे, कारण द्रव ताणता येतो.

आता माती वाळली. खालून पुरवठा नाही आणि वरून ऊन ओढतंय. ताण वाढत जातो आणि एका क्षणी शेजारच्या हवा भरलेल्या नळीतून, दोन नळ्यांमधल्या जाळीच्या एखाद्या सैल भोकातून, हवेचा कण आत घुसतो. ताणलेल्या धाग्याला तेवढं निमित्त पुरतं. धागा तुटतो, त्या जागी बुडबुडा क्षणार्धात फुगतो, आत ओढल्या गेलेल्या भिंती झटक्याने मागे येतात आणि टक्. ती नळी बाद झाली. जाळी धड असेल तर बुडबुडा तिथेच अडतो आणि पाणी बाजूच्या नळीने वळसा घालून जातं. हवेतून टिपलेले सगळेच आवाज याच प्रकारचे आहेत हे अजून दाखवायचं आहे, पण दाट संशय याच्यावरच. देठाला संवेदक चिकटवून असे टक् टक् १९६६ मध्येच एरंडाच्या पानांवर टिपले गेले होते. नवं काही असेल तर ते इतकंच, की हा आवाज हवेतूनही पोचतो.

डॉक्टर मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. रक्तवाहिनीत मोठा बुडबुडा अडकला तर जीवावर बेततं, आणि झाडातल्या व रक्तातल्या दोन्ही प्रकारांना नाव एकच, एम्बोलिझम. (सलाईनच्या नळीतला एखादा बारीक बुडबुडा पाहून मात्र नर्सला हाका मारत सुटू नका, तेवढ्याने सहसा काही होत नाही.) पण मला जवळची वाटते ती दुसरीच उपमा. बोट मोडतानाही जवळपास हेच होतं. सांधा ओढला की आतल्या वंगणाचा दाब घसरतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये एमआरआयमध्ये बोटं ओढून ही पोकळी डोळ्यांनी पाहिली. आवाज पोकळी तयार होताना येतो की ती अर्धवट मिटताना, यावर मात्र वाद आहे.

'बोटं मोडू नकोस, संधिवात होईल' हे घरोघरी ऐकवलं जातं. अमेरिकेतले डॉक्टर डोनाल्ड उंगर यांना त्यांच्या आईने ऐकवलं होतं. त्यांनी साठ वर्षांवर फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेला ठेवला आणि संधिवात दोन्ही हातांना नाही असं जाहीर केलं. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतं ते. एका माणसावरून सिद्धांत ठरत नाही हे खरं, पण आपल्याकडे सिद्धांत एकाही माणसावाचून ठरतात. दृष्ट काढताना कानशिलावर बोटं जास्त कडाडली म्हणजे दृष्ट जबर होती, हा त्यातलाच एक.

मोडलेलं बोट रडत नाही आणि तुटलेला पाण्याचा धागाही रडत नाही. रडायला मज्जातंतू लागतात, झाडाला ते नाहीत. असं म्हटलं की कोणीतरी जगदीशचंद्र बोस यांना पुढे करतं. बोस यांच्या यंत्रांनी झाडातली विद्युत-स्पंदनं आणि वाढीतले सूक्ष्म बदल मोजले, आणि तेवढंच पुरेसं थोर आहे. दुःख मोजायचं यंत्र त्यांनाही बनवता आलं नव्हतं. त्यांच्या नावावर पिकाला मंत्र ऐकवायचे स्पीकर विकणाऱ्यांनी निदान पाण्याची पाळी चुकवू नये.

रडत नसलं तरी ऐकणारं कोणी असू शकतं. पतंगाच्या छातीवर कान असतात, वटवाघळांचे आवाज टिपणारे. त्याच तेल अवीवच्या गटाने २०२५ मध्ये पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी दोन टवटवीत टोमॅटोंमध्ये सोडली आणि एकाजवळ सुकत्या रोपाचे टक् टक् वाजवले. मादीने अंडी घालायला शांत रोप पसंत केलं. गंमत अशी, की रोपच ठेवलं नाही तेव्हा ती आवाजाकडे गेली. काही नसण्यापेक्षा सुकं झाड बरं, असा काहीसा हिशोब असावा. आपल्याकडे तंबाखू, सोयाबीनवर तुटून पडणारी स्पोडोप्टेरा अळी या पतंगाचीच चुलत बहीण.

मावशीला यातलं एकच पटलं, गुलाबाचं. बाजारातून आणलेल्या गुलाबाच्या देठात, कापला तेव्हाच, हवा शिरलेली असते. म्हणून कळी दुसऱ्या दिवशी मान टाकते. बादलीत देठ बुडवून पाण्याखालीच दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापायचा, म्हणजे उघड्या नळ्यांत हवेऐवजी पाणी शिरतं. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने नळ्याच चेपतात.