परदेशातून काडतुसं भरण्याचं सामान मागवताय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी पाहा

अमेरिकेत रिकाम्या पितळी केस (काडतुसाचं कवच), बुलेट (पुढची गोळी), प्रायमर (ठिणगी देणारी बुडातली टोपी) आणि पावडर (दारू) किराण्यासारखी विकत मिळते. तिथे राहून आलेल्या किंवा तिथल्या नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्या नेमबाजांचा त्यामुळे एक पक्का समज होतो: भरलेलं काडतूस आणायला परवानगी लागते, सुटे भाग म्हणजे नुसता धातू. भारतात हा समज चालत नाही. बहुतेक पार्सलं कस्टम्समध्ये अडकतात ती इथेच.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या एकदा स्वतः वाचाच. तीत भरलेलं काडतूस आहे, बंदुकीत भरायचा बार आहे, दारूगोळ्याचे भाग आहेत आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रंही आहेत. म्हणजे नवी केस आणि बुलेट हे भाग झाले. काडतूस भरायचा, टेबलाला बसवायचा रीलोडिंग प्रेस आणि त्याच्या डाय (साचे) यांच्याकडेही यंत्र म्हणून बोट दाखवता येतं. 'त्यात दारूचा कणही नाही' हा युक्तिवाद काउंटरवर कामाला येत नाही, कारण व्याख्या दारूच्या कणावर थांबलेली नाही.

दुसरी गफलत परवान्याची. आपल्याकडे असतो तो कलम ३ चा, म्हणजे शस्त्र आणि दारूगोळा बाळगण्याचा परवाना. दारूगोळा तयार करायला कलम ५ चा वेगळा परवाना लागतो, आणि केसमध्ये प्रायमर, पावडर, बुलेट बसवणं म्हणजे काडतूस तयार करणंच. आपल्या परवान्यावर भरण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ती नाही असंच धरा. आणलेल्या सामानाचं पुढे काय करणार, हा प्रश्न अर्ज तपासणारा विचारतोच. 'घरी भरणार' असं प्रामाणिकपणे लिहून लोक स्वतःच्याच अर्जाची वाट लावतात.

आता कलम १०. आयात-निर्यातीच्या परवान्याचं हे कलम. त्यात एक सवलत आहे: जो माणूस कायद्याने ते शस्त्र किंवा दारूगोळा बाळगू शकतो, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात, वेगळ्या परवान्याशिवाय आणू शकतो. एवढं वाचून लोक खूश होतात. पुढचं पोटकलम कोणी वाचत नाही. प्रमाण वाजवी आहे की नाही, अशी कस्टम्स आयुक्तांना शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत ते माल अडवून ठेवू शकतात. 'वाजवी' म्हणजे किती, याचा आकडा त्या कलमात नाही. तो का नाही, आणि सामान्य अर्जदाराने तो कुठून ओळखायचा, याचं उत्तर कोणी देत नाही. शिवाय ही सवलत फक्त शस्त्र अधिनियमापुरती आहे. विदेश व्यापार धोरण आणि स्फोटकांचा कायदा तिने माफ होत नाहीत.

असाच चुकीचा वाचला जाणारा दुसरा आकडा म्हणजे पन्नास. प्रवासी सामानाच्या बॅगेज नियमांच्या परिशिष्टात '५० पेक्षा जास्त काडतुसं' शुल्कमाफीच्या बाहेर ठेवली आहेत. म्हणून पन्नासपर्यंत बिनदिक्कत आणता येतात, असं नाही. तो आकडा शुल्काचा आहे, परवानगीचा नाही. त्या बोअरचा (नळीच्या मापाचा) भारतीय परवाना हातात नसेल, तर एक काडतूसही जास्तच आहे.

पावडर आणि प्रायमर हे सगळ्यांत अवघड प्रकरण. केस आणि बुलेट सीमाशुल्क वर्गवारीच्या ९३ व्या प्रकरणात, शीर्ष ९३०६ खाली जातात. पावडर ३६०१ मध्ये जाते आणि प्रायमर ३६०३ मध्ये. हे दोन्ही ३६ व्या प्रकरणात, म्हणजे स्फोटकांत. तिथे स्फोटक अधिनियम, १८८४ आणि स्फोटक नियम, २००८ लागू होतात, आणि आयातीचा परवाना पेसोकडून, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून घ्यावा लागतो. एकाच खोक्यात चारही वस्तू मागवल्या, तर एकाच पार्सलवर दोन-तीन खात्यांचे कागद लागतात. एक कागद कमी पडला की अख्खं खोकं थांबतं. निदान केस आणि बुलेटची खेप तरी वेगळी ठेवा.

वाहतुकीचीही तीच गत. पूर्ण काडतुसं १.४एस या कमी धोक्याच्या स्फोटक वर्गातली असतील, तर विमान कंपनीची आगाऊ मंजुरी घेऊन चेक-इन सामानातून माणशी ५ किलोपर्यंत नेता येतात. ५ किलो हे पॅकिंगसकट वजन आहे, आणि दोघांची मर्यादा एकाच बॅगेत एकत्र करता येत नाही. ही मुभा फक्त पूर्ण काडतुसांना आहे. सुटी पावडर आणि सुटे प्रायमर प्रवासी सामानात कुठेच चालत नाहीत, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. टपालानेही स्फोटक पाठवता येत नाही. 'थोडीशीच आहे, डब्यात घालून देतो' असं म्हणणाऱ्या मित्राला हात जोडून नाही म्हणा. गुन्हा दाखल होतो तो ज्याच्या नावाची बॅग त्याच्यावर.

मग रस्ता कोणाला आहे? विदेश व्यापार धोरणात स्वतःच्या वापरासाठी आयातीची वाट ठेवली आहे ती नामवंत नेमबाज आणि रायफल क्लब यांच्यासाठी, केंद्राच्या क्रीडा खात्याच्या शिफारशीवर मिळणाऱ्या परवान्याची. 'नामवंत' ठरायला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या खुल्या प्रकारात भाग घेऊन राष्ट्रीय रायफल संघटनेने, म्हणजे एनआरएआयने, ठरवलेली किमान गुणसंख्या गाठलेली असावी लागते. राज्य स्पर्धेतलं पदक कितीही कष्टाचं असलं, तरी ते ही अट पूर्ण करत नाही. हे आधी कळलं, तर मुलांचे आणि पालकांचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

अर्ज डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर होतो, आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक लागतो. तो भाग सोपा आहे. अडतं ते कागद एकमेकांशी न जुळल्याने. शस्त्र परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक हवा. परवान्यावरचं बोअर आणि परदेशी विक्रेत्याच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवरचं (विक्रीआधीच्या कच्च्या बिलावरचं) बोअर अक्षरशः एक हवं. परवान्यावर दारूगोळ्याच्या दोन मर्यादा असतात, एका वेळी किती आणि वर्षभरात किती. इन्व्हॉइसवरची संख्या दोन्हींत बसली पाहिजे, आणि एका वेळची मर्यादा मोजताना घरात आधीच असलेला साठा धरायचा असतो. मर्यादा वाढवून घ्यायची असेल, तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात जा (आयुक्तालयाच्या शहरात पोलिस आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी) आणि मगच आयातीचा अर्ज करा. उलट क्रमाने गेलात, तर अर्ज परत येतो.

मापंही सांभाळा. अमेरिकन विक्रेता पावडर पौंडात लिहितो आणि प्रायमर हजाराच्या खोक्यात. १ पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, ८ पौंडांचा डबा म्हणजे साधारण ३.६३ किलो. एका कागदावर पौंड आणि दुसऱ्यावर गोळाबेरजेने ४ किलो, असं दिसलं की प्रश्न येतो. विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रकही मागून घ्या. त्यावर संयुक्त राष्ट्रांचा यूएन क्रमांक आणि धोक्याचा वर्ग असतो, आणि त्याच्याशिवाय वाहतूकदार मालाला हात लावत नाही.

मुदतीबद्दल. डीजीएफटीच्या आयात परवान्याची वैधता माल परदेशातून रवाना झाल्याच्या तारखेवर मोजतात, इथल्या बंदरात पोहोचल्याच्या तारखेवर नाही. परवाना महिन्याच्या मध्येच संपत असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत तो वैध धरतात. शस्त्र परवान्याला मात्र ही सूट आहे असं समजू नका. माल वाटेत असताना शस्त्र परवान्याचं नूतनीकरण राहिलं, तर बाकीचे कागद बरोबर असूनही मालाची सुटका होत नाही. आणि परवाना हातात येण्याआधी माल पाठवायला सांगू नका. तो सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १११ खाली जप्तीला पात्र ठरतो, कलम ११२ चा दंड वेगळा, आणि दंड भरून माल मिळेलच याची खात्री नाही.

राहिला रिकाम्या केसचा प्रश्न. परदेशी रेंजवरून आठवण म्हणून आणलेली झाडलेली केस किंवा तिची किल्लीची साखळी विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसते आणि चौकशी सुरू होते. कलम ४५ मध्ये, जोडीचे भाग वापरून उपयोगात आणायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना सूट आहे, आणि ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलं आहे. पण हे मुद्दे बहुतेक वेळा न्यायालयात ऐकले जातात, विमानतळावर नाही. तोवर विमान गेलेलं असतं. रेंजवर वापरलेली बॅग आणि जॅकेट प्रवासाला न्यायचं असेल, तर सगळे खिसे उलटे करून झटका. अस्तराच्या शिवणीत .२२ ची केस हमखास सापडते.