कोमोदीनो : पलंगालगतचे इटालियन टेबल

पलंगाच्या उशाशी ठेवायच्या छोट्या कपाटवजा टेबलाला इटालियन भाषेत कोमोदीनो म्हणतात. ‘कोमोदो’ म्हणजे सोयीचा; त्यावरून हे नाव आले. एखाद-दुसरा खण, खाली दाराचा किंवा उघडा कप्पा, साधारण ५० ते ६० सेंटिमीटर उंची आणि खाली निमुळते होत गेलेले चार पाय, असे त्याचे विसाव्या शतकाच्या मध्यावरचे रूप आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाव शतकात इटलीत घडलेले असे कोमोदीनो आज जगभरच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत आणि लिलावांत मानाने मांडले जातात. त्या काळातल्या इटालियन खुर्च्यांवर आणि दिव्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. उशाशी निमूट उभ्या असलेल्या या टेबलाकडे त्या मानाने फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक तिथला वास्तुकार आणि तिथला सुतार यांचे नाते कसे होते, ते या छोट्या वस्तूत फार स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकातला कोमोदीनो उंच, जड आणि चौकोनी खांबासारखा असे. वर संगमरवराची फरशी, तिच्याखाली लहान खण आणि त्याखाली दाराचा खोल कप्पा. हा कप्पा रात्री लघवीसाठी लागणारे भांडे ठेवण्यासाठी होता. शौचकूप घराबाहेर किंवा जिन्यापाशी असण्याच्या काळात थंडीच्या रात्री ते भांडे हाताशी लागे, आणि ते दिसू नये, त्याचा वास खोलीत पसरू नये म्हणून कपाट चारी बाजूंनी बंद असे. वर ओले पेले, औषधे आणि मेणबत्ती ठेवायची म्हणून संगमरवर. घरात नळ आणि न्हाणीघर आले तसे भांडे गेले आणि त्या खोल कप्प्याचे कामच संपले. कोमोदीनो पुढे हलका झाला, जमिनीपासून सुटून पायांवर उभा राहिला, त्याचे श्रेय सहसा नव्या सौंदर्यदृष्टीला दिले जाते. नळाच्या पाण्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

इटालियन मध्यमवर्गीय कुटुंबात शयनगृहाचे फर्निचर सुटे घेत नसत. लग्न ठरले की जोडप्यासाठी पूर्ण संच केला जाई : दुहेरी पलंग, दोन कोमोदीनो, खणांचे कपाट, आरशाचे टेबल आणि कपड्यांचे मोठे कपाट. सगळ्याला एकच लाकूड, एकाच घडणीच्या मुठी. त्यामुळे कोमोदीनो जन्मतःच जोडीने येतो. दारे असलेल्या चांगल्या जोडीत एकाचे दार डावीकडे उघडते आणि दुसऱ्याचे उजवीकडे, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या दोघांचाही हात आत पोचावा. पुढे वारसांत वाटण्या झाल्या की मोठे कपाट जागेअभावी मोडीत निघे, पलंग जुना म्हणून टाकून दिला जाई, आणि लहान असल्याने कोमोदीनो तेवढे टिकत. बाजारात संच क्वचित आणि जोड्या पुष्कळ दिसतात त्याचे हेही एक कारण आहे. सुट्या नगाला जोडीच्या निम्म्याहूनही कमी भाव येतो.

ऑगस्ट १९४३ मधल्या बॉम्बहल्ल्यांनी मिलान शहराचे फार नुकसान झाले. युद्ध संपल्यावर घरे उभी करणे हाच वास्तुकारांपुढचा पहिला प्रश्न होता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘इना-काझा’ या सरकारी योजनेतून १९६३ पर्यंत सुमारे साडेतीन लाख घरे बांधली गेली. या घरांतल्या खोल्या लहान होत्या. आजोबांच्या काळातले भिंतभर फर्निचर त्यांत मावणारे नव्हते. हलके, थोडी जागा अडवणारे आणि खालून झाडू फिरवता येईल असे सामान हवे होते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आर्थिक भरभराट सुरू झाली आणि असे फर्निचर विकत घेणारा नोकरदार वर्गही तयार झाला.

ते घडवणारे हात मिलानच्या उत्तरेला ब्रियांत्सा नावाच्या टापूत होते. कांतू, लिस्सोने, मेदा, जुस्सानो ही तिथली गावे पिढ्यान्‌पिढ्या सुतारकीवर जगत आली होती. कांतूमध्ये १८८२ पासून कलाशाळा आहे. तिथे मुले रेखाटन शिकत आणि घरी परतून बापाच्या कारखान्यात रंधा हाती घेत. कामाची विभागणी गावागावांत झालेली असे. एक घर फक्त पाय कातून देई, दुसरे लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवी, तिसरे पॉलिश करी, पितळी मुठी कुठूनतरी चौथीकडून येत. वास्तुकार मिलानहून कागदावर आकृती घेऊन येई. तो पाय आणखी किती बारीक करता येईल, कोणते लाकूड फाटेल, कोणते तगेल, हे सुतार सांगे. १९५५ मध्ये कांतूने ‘सेलेत्तीवा’ ही फर्निचर-आराखड्यांची स्पर्धा सुरू केली, तिचा उद्देशच बाहेरचे आराखडे आणि गावातले कारागीर यांची गाठ घालून देण्याचा होता. मिलानचे जगप्रसिद्ध फर्निचर-प्रदर्शन, सालोने देल मोबिले, सप्टेंबर १९६१ मध्ये पहिल्यांदा भरले तेव्हा त्यात ३२८ प्रदर्शक होते.

या काळातले सर्वांत मोठे नाव जो पोंती (१८९१–१९७९) यांचे. वास्तुकार, चिनीमातीच्या भांड्यांचे संकल्पक आणि १९२८ मध्ये सुरू झालेल्या ‘दोमुस’ मासिकाचे संस्थापक. फर्निचरमधले अनावश्यक वजन काढून टाकणे हा त्यांचा ध्यास होता. मेदाच्या कास्सीना कारखान्यासाठी त्यांनी केलेली ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची (१९५७) जेमतेम १.७ किलोची आहे. तिचे पाय त्रिकोणी छेदाचे, फक्त १८ मिलिमीटर जाडीचे. जाहिरातीत एक लहान मुलगा ती एका बोटावर उचलताना दाखवला होता. कोमोदीनोच्या बाबतीत पोंती यांनी याहून धीट पाऊल उचलले. पलंगाची उशाकडची फळी त्यांनी रुंद करून दोन्ही बाजूंना पसरवली आणि तिच्यावरच छोटी फडताळे, खण आणि दिवे बसवले. मोटारीत चालकापुढे जसा फलक असतो तशी ही कल्पना. टेबल जमिनीवरून उठून भिंतीला जाऊन चिकटले. पाय गेले, सोय राहिली. आजच्या हॉटेलांतल्या खोल्यांत उशामागे दिवा, बटणे आणि इवलेसे फडताळ एकाच फळीवर दिसते, त्या मांडणीमागे हा विचार आहे.

पोंती यांच्याखेरीज पाओलो बूफ्फा (१९०३–१९७०) यांचे काम आवर्जून पाहण्याजोगे आहे. जुन्या नवअभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन नमुन्यांवर बेतलेल्या, घडणीची शिस्त त्यांनी सोडली नाही, तरी त्यांचे फर्निचर डोळ्यांना जड वाटत नाही. कोमो गावचे इको पारीझी (१९१६–१९९६) यांचे पाय तिरके, ताणलेले, धावायच्या बेतात असल्यासारखे असतात. ओस्वाल्दो बोर्सानी (१९११–१९८५) यांच्या वारेदोच्या कार्यशाळेत लुचो फोंताना यांच्यासारखे शिल्पकार येऊन काम करत. पुढे बोर्सानी यांनी जुळ्या भावाबरोबर ‘तेक्नो’ ही कंपनी काढली आणि त्यांचा ओढा यंत्रनिर्मित फर्निचरकडे वळला. पिएरो फोर्नाझेत्ती (१९१३–१९८८) लाकडी पृष्ठभागावर इमारती, सूर्य, चेहरे छापत. आल्दो तूरा बकऱ्याचे कातडे चढवून त्यावर रंगीत लाखकाम करत. ते पृष्ठभाग आजही ओल्या दगडासारखे चमकतात.

साहित्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण कोमोदीनोची खरी गंमत तिथे आहे. अक्रोड, महोगनी, मेपल ही नेहमीची लाकडे. १९५० नंतर मात्र पालिसांद्रोची, म्हणजे शिसवीच्या कुळातल्या गडद लाकडाची, मोठी चलती झाली. ब्राझीलचे शिसव सर्वांत नावाजलेले. त्याबरोबर भारतीय शिसवही वापरले जाई. सह्याद्रीत वाढणारे, आपल्या जुन्या वाड्यांतल्या कपाटांना आणि झोपाळ्यांना लागलेले शिसव ते हेच. हे लाकूड महाग असल्याने आतला सांगाडा पॉपलर किंवा फरसारख्या हलक्या लाकडाचा, नाहीतर प्लायवुडचा करत आणि वरून शिसवीचा पापुद्रा चढवत. चांगला कारागीर एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून लावी, म्हणजे दोन खणांवरच्या रेषा आरशात पाहिल्यासारख्या जुळत. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि २०१७ मध्ये या वंशातल्या इतर सर्व जातीही कराराच्या कक्षेत आल्या. त्यामुळे असे जुने फर्निचर एका देशातून दुसऱ्या देशात नेताना कागदपत्रांची पूर्तता करावी लागते.

संगमरवराची जागा काचेने घेतली. मागून हिरवा, निळा, काळा किंवा फिका गुलाबी रंग दिलेली जाड काच वरच्या फळीवर बसवत. पेल्याचा ओला डाग पडत नाही आणि खोलीतला दिवा तिच्यात झिरपल्यासारखा दिसतो. या काचकामात मिलानच्या ‘फोंताना आर्ते’ या कंपनीचे नाव पहिले घ्यावे लागेल. पायांच्या टोकांना पितळेच्या टोप्या असत. लाकूड अतिशय बारीक केल्यावर त्याचे टोक फरशीवर घासून फुटू नये म्हणून ती तजवीज होती. शोभा तिच्या पाठोपाठ आली. स्वस्त घडणीत लाकडी पापुद्र्याऐवजी फॉर्मायका, म्हणजे आपल्याकडे सरसकट सनमायका म्हणतात तो पत्रा, वापरलेला दिसतो.

साठच्या दशकात प्लास्टिक आले आणि सुतार एकदम बाजूला पडला. रासायनिक अभियंता जुलिओ कास्तेल्ली यांनी १९४९ मध्ये ‘कार्तेल’ ही कंपनी स्थापन केली होती. त्यांच्या पत्नी, वास्तुकार आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी (१९१८–२००६), यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कोंपोनीबिली’ हे एकावर एक रचायचे गोल कप्पे तयार केले. व्यास ३२ सेंटिमीटर, दोन कप्प्यांची उंची ४० सेंटिमीटर. खिळा नाही, स्क्रू नाही, बिजागरी नाही. दाराला एक गोल भोक; त्यात बोट घालून दार बाजूला सरकवायचे. लाखो घरांत हे कप्पे उशाशी गेले आणि आजही तयार होतात. त्यांच्यावर ठेवायला जणू जोडीचाच दिवा वास्तुकार विको माजिस्त्रेत्ती यांनी १९६५ मध्ये ‘आर्तेमिदे’ या दिव्यांच्या कंपनीसाठी केला : ‘एक्लिस्से’, म्हणजे ग्रहण. आतली वाटी फिरवली की बल्ब चंद्रासारखा झाकत जातो आणि शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. उशाशी असलेल्या वस्तूने काय करावे याचा इतका सुजाण विचार क्वचितच आढळतो.

‘मिडसेंच्युरी’, म्हणजे शतकाच्या मध्यावरचे, हे बिरुद या फर्निचरला त्याच्या काळात नव्हते. ते १९८०च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले आणि मग किमती चढत गेल्या. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात तुरिनचे वास्तुकार कार्लो मोल्लीनो यांचे १९४९ मधले ओक आणि काचेचे टेबल ३८ लाख डॉलरच्या वर गेले. एवढा पैसा आला की नावे चिकटवण्याचा मोहही येतो. ब्रियांत्सातल्या शेकडो कारखान्यांनी आपल्या मालावर सही किंवा शिक्का ठेवलाच नाही. पाय थोडे निमुळते दिसले की विक्रेता ‘पोंती यांच्या धर्तीचे’ लिहितो, पुढचा ‘पोंती यांचे मानले जाणारे’ करतो आणि तिसऱ्या विक्रीत नुसते ‘पोंती’ उरते. खात्री हवी असेल तर मूळ आराखडा, छायाचित्र, विक्रीची पावती किंवा त्या संकल्पकाच्या अभिलेखागाराचा दाखला पाहिला पाहिजे. नावाचा पुरावा नसला म्हणून वस्तू हिणकस ठरत नाही. कांतूच्या एखाद्या अनामिक सुताराचा अक्रोडी कोमोदीनो नामांकित तुकड्यापेक्षा सरस निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि तो त्या सुताराच्या नावानेच, म्हणजे अनामिक म्हणून, विकला जावा हे रास्त आहे.

तपासायचे झाल्यास खण पूर्ण बाहेर काढावा. कोपऱ्यात डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत गुंतवलेला सांधा आहे का पाहावे; स्टेपलच्या पिना दिसल्या तर काम नंतरचे किंवा डागडुजीचे आहे. खणाची खालची कड वर्षानुवर्षांच्या सरकण्याने झिजून गुळगुळीत झालेली असते, ती खोटी करणे अवघड. वरच्या पापुद्र्यावर दिव्याच्या बुडाएवढे गडद वर्तुळ आणि भोवती उन्हाने उतरलेला रंग असेल तर तेही चांगलेच लक्षण. बारीक भोके आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी असेल तर कीड जिवंत आहे. पापुद्रा जेमतेम मिलिमीटरभर, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. पॉलिशवाल्याने यंत्राने घासला तर आतले पॉपलर उघडे पडते आणि ते नुकसान भरून निघत नाही. जुने लाखेचे पॉलिश असेल तर कापडाच्या बोळ्याने, थर देत देत, हातानेच करून घ्यावे. शेवटी टेबल उलटे करून मागची फळी पाहावी. दोन्ही टेबले तिथेच शेजारी ठेवून त्यांवर सुताराने पेन्सिलीने केलेल्या खुणा जुळतात का, हे ताडता येते. कारखान्यात भाग उलटसुलट होऊ नयेत म्हणून केलेल्या त्या खुणा अनेकदा पन्नास-साठ वर्षांनंतरही तशाच वाचता येतात.