नायलॉनची तार आणि पोलादाची तार: एकीच्या जागी दुसरी का चालत नाही

दुकानात जाऊन आपण सरसकट ‘गिटारच्या तारांचा एक सेट द्या’ असे म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत तार म्हटले की धातूच डोळ्यांसमोर येतो. क्लासिकल गिटारच्या बारीक तीन तारा मात्र निव्वळ नायलॉनच्या असतात, आणि खर्जाच्या तिन्ही तारांमध्ये नायलॉनच्या तलम धाग्यांच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. ही चकाकती गुंडाळी पाहूनच पुष्कळांना आपल्या गिटारवर लोखंडी तारा आहेत असे वाटते. बाजारात नुसत्या ‘अकूस्टिक’ या नावाने जी गिटार मिळते, तिच्या सहाही तारा आतून पोलादी असतात. त्यांतल्या सामान्यतः दोन उघड्या असतात आणि चार ब्राँझच्या गुंडाळीच्या. लांबून पाहिले तर दोन्ही वाद्ये सारखीच दिसतात: तोच पोकळ देह, तेच गोल छिद्र, त्याच सहा खुंट्या.

खरा फरक आहे तो ताणाचा. नेहमीच्या सुरात लावलेल्या नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे 40 किलोचा ताण देतात, तर 12 गेजच्या (म्हणजे सर्वांत बारीक तार 0.012 इंच जाडीची असलेल्या) पोलादी सेटचा ताण 70 किलोच्या वर जातो. क्लासिकल गिटारची घडण मुळात आतड्याच्या तारांसाठी झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यू यॉर्कमधील वाद्यकार अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या; तारेचे द्रव्य बदलले, तरी वाद्याची हलकी बांधणी तशीच राहिली. तिच्या देहाच्या वरच्या पातळ पाटीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या असतात आणि मानेत बहुधा लोखंडी सळई नसते. पोलादी तारांच्या गिटारमध्ये फुलीच्या आकाराच्या जाड पट्ट्या आणि मानेतली सळई मिळून तो ताण पेलतात.

माझ्या भाच्याच्या क्लासिकल गिटारवर एका दुकानदाराने पोलादी तारा चढवून दिल्या होत्या. आवाज मोठा झाला म्हणून घरात सगळे खूश होते, पण तीन आठवड्यांनी ब्रिजच्या, म्हणजे पाटीवर चिकटवलेल्या आणि तारा जिथे अडकवतात त्या लाकडी ठोकळीच्या, मागच्या कडेखाली बसचे तिकीट सहज सरकू लागले आणि त्यामागची पाटी हाताला फुगीर लागू लागली. उलट चूक, म्हणजे पोलादी गिटारवर नायलॉनच्या तारा लावणे, वाद्याला एवढी घातक नाही, पण त्या तारा ब्रिजच्या भोकांत तारा धरून ठेवणाऱ्या पिनांखाली नीट धरत नाहीत आणि आवाज मलूल निघतो.

म्हणून नवा सेट घेण्याआधी ब्रिज पाहावा. तारा आडव्या भोकांतून ओवून स्वतःभोवतीच गाठल्या असतील तर ते वाद्य नायलॉनचे, आणि सहा पिना ठोकलेल्या असतील तर पोलादाचे, असे बहुतेक वेळा धरून चालता येते. खाचा असलेल्या डोक्यावरून, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकावरून, निर्णय करू नये, कारण काही पोलादी गिटारींचे डोकेही तसेच असते. मानेची रुंदी हा आणखी एक पुरावा आहे: नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या आडव्या पट्टीपाशी, क्लासिकल गिटार साधारण 52 मिलिमीटर भरते, तर पोलादी 43च्या आसपास.

तारा काढताना दोन्हींचा नियम एकच आहे: आधी खुंटी फिरवून तार पुरती सैल करावी, ताणलेली तार कधीही कापू नये. चढवण्याची रीत मात्र वेगळी आहे. नायलॉनची तार ब्रिजच्या भोकातून मागे काढून परत वर घ्यायची, तारेखालून फिरवायची आणि तिच्याच वेढ्यात अडकवायची. खर्जाच्या तारेला एक वेढा पुरतो, पण गुळगुळीत बारीक तारेला दोन-तीन लागतात, आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेलाच पाहिजे. तसे झाले नाही, तर सूर चढवताना तार सटकते आणि तिचे टोक पाटीवर चाबकासारखे बसून कायमचा खड्डा पाडते. पोलादी तारेच्या टोकाला पितळी मणी असतो. तो भोकात सोडून, पिनेची खाच तारेकडे ठेवून, एका हाताने पीन दाबत दुसऱ्या हाताने तार वर ओढावी, म्हणजे मणी आतल्या लाकडाला जाऊन टेकतो. मणी पिनेच्या टोकावर अडकून राहिला, तर ताण येताच पीन उडते. खुंटीपाशी चार-पाच सेंटिमीटरची ढील ठेवली की दोन-तीन वेढे नीट बसतात.

पोलादी तारा सहसा त्याच दिवशी सुरात स्थिरावतात. नायलॉन कित्येक दिवस लांबत राहते आणि रोज पुन्हा सुरात लावावे लागते. ही तारेची खोट नव्हे.

सफाईची वेळ तारा उतरलेल्या असतानाच असते. फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटे दाबायची पट्टी, उघड्या शिसवीचा वा आबनूसचा असेल, तर तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, कडेचा मळ मऊ ब्रशने काढून वर्षातून एक-दोनदा फ्रेटबोर्डसाठीच्या तेलाचे चार थेंब पुसून घ्यावेत. स्वयंपाकघरातले गोडेतेल लावू नये, ते चिकट होते. लॅकर दिलेल्या मेपलला तेल लागतच नाही. देह पुसताना क्लासिकल गिटारला अधिक जपावे लागते, कारण चांगल्या हातबनावटीच्या गिटारींवर पुष्कळदा लाखेचा फ्रेंच पॉलिश असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझरचा हातही तिथे डाग पाडतो. जेमतेम ओलसर फडके आणि लगेच कोरडे फडके, एवढेच पुरे. पोलादी गिटारींच्या कारखान्यातल्या चकचकीत लेपाला तेवढा धोका नाही, पण मॅट लेपावर पॉलिश घासले की तिथे चमकते चट्टे उठतात.

तारा उतरल्या की ब्रिजवरची हाडाची पट्टी, म्हणजे सॅडल, अनेकदा खाचेतून निसटते. क्लासिकलची पट्टी सरळ असल्यामुळे ती उलटी बसली तरी लक्षात येत नाही, आणि मग खर्जाच्या तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात. म्हणून पट्टी काढण्यापूर्वी तिच्या खर्जाकडच्या टोकाला पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी.