सातपुड्याचं चित्र भिंतीवर नाही

सातपुड्यात धडगावकडे जाताना एका आश्रमशाळेची कंपाउंडची भिंत लागते. गेरूवर पांढऱ्या रेषा, दोन त्रिकोणांची माणसं, मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं घालून नाचणारी रांग. काम सुबक आहे, रंगही अजून उडालेला नाही. पण या पहाडपट्टीत तारपा कोणी वाजवत नाही. इथे पावरी वाजते, मोठा ढोल वाजतो. तारपा वारल्यांचा, आणि वारली राहतात डहाणू, तलासरी, जव्हारकडे. रंगाऱ्याला ‘आदिवासी चित्र काढ’ एवढंच सांगितलं असणार. साऱ्या महाराष्ट्राला आदिवासी चित्र म्हणून जे ठाऊक आहे, ते त्यानं काढलं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात शंभरातली जवळपास ६९ माणसं अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा या लोकांच्या शाळेवर चित्र मात्र दुसऱ्याच डोंगरातलं.

मग सातपुड्याचं स्वतःचं चित्र कुठंय? खानदेशात आज सातपुडा रंगवणारे बरेच आहेत. होळीचा बाजार, चांदीनं मढलेल्या पावरा बाया, तोरणमाळचं तळं. ही चित्रं आली कुठून हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं, आणि सुरुवात सातपुड्यात होतच नाही. ती होते तापीच्या अलीकडे, दक्षिणेच्या डोंगराच्या पायथ्याशी.

चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. खानदेशात शहामृग! कवचापासून घडवलेले मणीही निघाले. त्यातल्या एका तुकड्यावर कोरीव रेघा आहेत: समांतर पट्टे, आणि त्यांच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी. वय सुमारे २५,००० वर्षं. अंड्याचं कवच टणक, वर गुळगुळीत आणि गोलाईचं. त्यावर दगडाच्या टोकानं रेघ ओढायला गेलं की हात घसरतो. ही जाळी ओढणाऱ्याचा हात बसलेला होता. खानदेशातला आपल्याला माहीत असलेला पहिला कलावंत हाच.

त्यानंतर मडकी. तापीकाठच्या सावळदा या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालंय. काळ साधारण इ. स. पू. २२०० ते १८००. साक्री तालुक्यातल्या कवठे इथे डेक्कन कॉलेजनं तिची वस्ती उकरून काढली. या लोकांच्या भांड्यांवर बाणांची टोकं, हत्यारं, जनावरं रंगवलेली आहेत. पुढच्या जोर्वे काळातल्या भांड्यांवर भूमिती जास्त. चौकटी, रेघा, जाळ्या. मला सावळद्याचा कुंभार जवळचा वाटतो. त्यानं घरात टांगलेली वस्तू उचलून मडक्यावर आणली.

अजिंठ्यावर इतकं लिहून झालंय की खानदेशापुरतं बोललेलं बरं. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेनं येणारा उतरतो जळगावला, आणि लेण्यांखालून वाहणारी वाघूर खानदेशात येऊन तापीला मिळते. चित्रांचा माल बराचसा डोंगरातलाच: लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा लाजवर्दाचा, लांबून आणलेला. दहाव्या लेण्यातली षड्दंत हत्तीची गोष्ट बघितली की कळतं, चितारणाऱ्यानं हत्ती आणि वड दोन्ही नीट न्याहाळलेले होते.

२८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला आणि त्याच दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं आपलं नाव कोरलं. चित्रावर नाव कोरायची आपल्या पर्यटकांची खोड कुठून आली ते यावरून समजावं. १८४४ पासून मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल इथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत बसला. वीसेक वर्षांचं ते काम लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलं होतं. १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. तेरा वर्षं नकला चालल्या, आणि १८८५ मध्ये त्यांतल्याही पुष्कळशा लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या हजारो लोकांपैकी तिकडे कोणी वळत नाही.

ग्रिफिथ्सच्या त्या मुलांपासून एक वाट पडली. खेड्यातल्या पोरानं चित्रकलेत नाव काढायचं तर जे. जे. ला जायचं, आणि मोठं काम म्हणजे अजिंठा-वेरूळ बघून आलेलं काम. धुळ्याजवळच्या गोंदूरचे राम सुतार, जन्म १९२५, याच वाटेनं गेले. जे. जे. तून शिकून १९५४ पासून काही वर्षं त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या मूर्ती सांधण्याचं काम केलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा छिन्नीचा घाव कुठे थांबला हे रोज बोटानं चाचपायचं, यासारखं शिक्षण नाही. पुढे चंबळवरच्या गांधीसागर धरणाजवळची माय-लेकरांची ४५ फुटी मूर्ती त्यांनी घडवली, आणि २०१८ मध्ये केवडियाचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला.

हा पुतळा नर्मदेत, सरदार सरोवर धरणाच्या थोडा खाली उभा आहे. धरणाच्या वरच्या अंगाला जे पाणी तुंबलं ते अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या ३३ गावांत शिरलं. मणिबेली त्यांतलं पहिलं. खानदेशी हातानं घडवलेली जगातली सर्वांत उंच मूर्ती आणि खानदेशातली बुडालेली गावं एकाच नदीवर आहेत. पुतळा बघायला इकडूनही गाड्या भरून जातात.

चाळीसगावच्या केकी मूस यांची गोष्ट याच्या अगदी उलटी. मुंबईत १९१२ मध्ये जन्मलेला हा पारशी माणूस विलायतेत कला शिकून आला आणि स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यानं स्वतःला जवळपास पन्नास वर्षं कोंडून घेतलं. १९८९ मध्ये तिथेच वारला. त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं प्रसिद्ध आहेत: मेजावर लहानसहान वस्तूंतून देखावा उभा करायचा आणि तो खराच वाटेल असा टिपायचा. गावाबाहेर डोंगराची रांग, आणि देखावा मात्र घरातल्या मेजावर. त्यांच्यामागे त्यांच्या प्रेमाची दंतकथाच जास्त सांगितली जाते, कामावर कोणी बोलत नाही.

हे सगळं सपाटीवरचं झालं. पहाडात काय होतं?

एका होळीला मोलगीच्या बाजूच्या पाड्यावर गेलो होतो. दुपारची वेळ. घरं उतारावर लांब लांब, मध्ये मोह आणि ताड. एका घराच्या अंगणात एक माणूस उघड्या अंगानं बाजेच्या कडेला बसलेला, आणि दुसरा त्याच्या पाठीमागे उकिडवा. जर्मनच्या वाटीत राख पाण्यात कालवलेली, पिठल्याइतकी दाट. बोट बुडवायचं आणि टेकवायचं. आधी खांद्यापासून खांद्यापर्यंत ठिपक्यांची एक ओळ, मग दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेलेल्या ओळी. दंडावर बाटलीचं झाकण बुडवून उमटवलेली गोल वर्तुळं. राख ओली असताना करडी दिसते, वाळली की पांढरी फटक उमटते, त्यामुळे काढणाऱ्याला आपण काय काढतोय ते दहा मिनिटांनी दिसतं. तरी ओळ चुकत नव्हती. शेजारी बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसं लावलेला उंच टोप ठेवलेला, कमरेला बांधायचे वाळलेले दुधी आणि घुंगरांचा पट्टा. हा बुध्या. नवस असलेला माणूस होळीआधी काही दिवस पालनी पाळतो: जमिनीवर झोपायचं, आंघोळ नाही, खाण्यापिण्याची बंधनं. मग गावोगावच्या होळ्या नाचून काढायच्या. काठीची राजवाडी होळी यांत सर्वांत मानाची; ती रात्रभर नाचून पहाटे पेटवतात.

मी वहीत त्या पाठीचं रेखाटन केलं आणि भरून टाकावं म्हणून मधोमधही ठिपके दिले. मागे उभं असलेलं बारावीतलं पोरगं वाकून बघत होतं. म्हणालं, “सर, मध्ये रिकामं ठेवतो आमचा काका. हाडावर नाही लावत.” बघितलं तर खरंच, मणक्याची पन्हळ तेवढी काळी ठेवली होती आणि ठिपके तिच्या दोन्ही काठांनी उतरले होते. चित्राची मुख्य रेघ न काढलेली होती.

सातपुड्यातली कला अशी अंगावर असते, घराच्या कुडाच्या भिंतीवर नाही. ठिपका राखेचा असो की बाईच्या कपाळा-डोळ्यांच्या कडेला गोंदलेला, तो माणसाबरोबर फिरतो. चांदीही तशीच. मूर्ती घडते ती लाकडाची: साक्री-नवापूरच्या कोकणी पाड्यांत वाघदेवाचे खांब आहेत, वाघ, साप, सूर्य, चंद्र कोरलेले आणि शेंदरानं माखलेले, ते शिवारात उन्हापावसात उभे असतात आणि कुजले की नवे बसवतात. पालनी सुटली की बुध्या आंघोळ करतो आणि राख ओढ्याला जाते. यातलं काहीही फ्रेममध्ये बसत नाही आणि विकायला नेता येत नाही.

नर्मदेच्या पलीकडे गोष्ट वेगळी घडली. आलिराजपूर, झाबुआ, छोटा उदेपूरकडे भिलाला आणि राठवा घरांत पिठोरा लिहितात. ‘काढतात’ म्हणत नाहीत, लिहिणारा तो लखारा. नवस फेडायचा म्हणून ओसरीच्या आतल्या भिंतीवर घोड्यांची रांग येते आणि चुकलं-बरोबर काय ते बडवा, म्हणजे तिथला भगत, तपासतो. पावरा स्वतःला पावागडाहून आलेले सांगतात, म्हणजे ही सगळी भाऊबंदकीच. पण तिकडे भिंत होती, आणि भोपाळही होतं. तिथलं कलाकेंद्र, भारत भवन, १९८२ मध्ये सुरू झालं. ते बांधलं जात असताना झाबुआतल्या पिटोलच्या भूरीबाई तिथे मजुरी करत होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना घरी भिंतीवर काढता ते कागदावर काढा म्हणून सांगितलं. ठिपक्यांनी भरलेलं भिल्ल चित्र जगाला माहीत झालं ते तिथून. भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, छोटा उदेपूरच्या परेश राठवांना पिठोऱ्यासाठी २०२३ मध्ये.

महाराष्ट्रात हेच काम वारल्यांच्या बाबतीत झालं, तेही दहा वर्षं आधी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत गेले, सवाशिणींनी लग्नाच्या चौकासाठी काढलेली चित्रं कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांचं नाव झालं. वारल्यांची भिंतही कुडाचीच, पण शेणानं सारवून गेरू दिलेली. तिथे मुंबईहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. धडगावला नुसतं पोचायलाच दिवस मोडतो. सातपुड्याकडे कलेच्या मंडळींचं लक्ष गेलं नाही यामागे मला हे अंतर फार मोठं कारण वाटतं. नंदुरबार हा जिल्हा म्हणूनसुद्धा १९९८ पासूनचा.

मग सातपुडा रंगवला कोणी? ड्रॉइंगच्या मास्तरांनी. खानदेशातला चित्रकार म्हणजे बहुतेक वेळा हायस्कूलचा कलाशिक्षक. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका, मग शहादा, शिरपूर, चोपडा असल्या गावी नोकरी, आणि सुटीत सायकलला बोर्ड बांधून पहाडाच्या पायथ्याशी जलरंग. या लोकांनी खरंच चांगली निसर्गचित्रं केली आहेत; मार्चमधला पळस आणि वाळलेल्या गवताचा तो पिवळट तांबूस उतार कागदावर आणणं सोपं नाही. पण माणसं आली की हात लटका पडतो. डोक्यावर टोपली, गळ्यात चांदी, लाजरं हसू. डोंगर खालून बघितला की तसाच दिसतो. स्मरणचित्राच्या पेपरला ‘बाजार’ किंवा ‘जत्रा’ आली की पहाडातलं पोरगंही तसंच काढायला शिकतं, कारण मार्क त्याला पडतात.

ते वहीत वाकून बघणारं पोरगं पुढे ए.टी.डी. झालं. शाळांतली कलाशिक्षकांची पदं तोवर आटत आलेली, त्यामुळे तासिकेवर शिकवतो. कागदावर तो पाठी काढतो. फक्त पाठी, चेहरे नाहीत. काळ्यावर पांढरे ठिपके आणि मधली पन्हळ मोकळी. मागच्या दिवाळीत जळगावला एका प्रदर्शनात त्यानं टेबल लावलं होतं. सात पाठी आणि कोपऱ्यात दोन वारली. संध्याकाळी गेलो तेव्हा सातही तिथेच होत्या. वारली चित्रं दुपारीच विकली गेली होती, आणि एक बाई विचारत होत्या, यातली अजून आहेत का.