पिशवीतली हवा गेली, ओलावा राहिला

थंडी सरली की स्वेटर, शाली, रजया माळ्यावर चढवायच्या असतात. शहरातल्या छोट्या घरांत अशा वेळी व्हॅक्यूम बॅगचा फार मोठा आधार होतो. फुगलेली रजई दोन मिनिटांत चपटी होऊन कपाटाच्या फटीतही मावते. मात्र हवा काढली म्हणजे कपडा सुरक्षित झाला, असे समजून चालणार नाही. पिशवीतून हवा जाते, धाग्यांत मुरलेले पाणी आतच राहते, आणि बहुतेक कपड्यांचे बरेवाईट या पाण्यावरच ठरते.

हाताला कोरडा लागणारा कपडाही पूर्ण कोरडा नसतो. हवेत 65 टक्के आर्द्रता असताना लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी धरून ठेवते, रेशीम 11 टक्के, सुती कापड 8 टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणजे दोन किलो लोकरीत 300 ग्रॅमहून जास्त पाणी, तर तेवढ्याच पॉलिएस्टरमध्ये फक्त 8 ग्रॅम! पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे आकडे आणखी चढतात. अशा दमट दिवशी पिशवी बंद केली, की आत उरलेली हवा कापडातल्या ओलाव्याशी जुळवून घेते आणि महिनोन्‌महिने तेवढीच दमट राहते. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीचे फावते. सोबत टाकलेली सिलिका जेलची पुडी इथे फारशी उपयोगाची नाही. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषते, म्हणजे दहा ग्रॅमची पुडी तीनेक ग्रॅमवर थांबते. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत कपडे सावलीत दिवसभर पसरून मग भरावेत. इस्त्रीची वाफ घेतलेला गरम कपडा तर लगेच कधीच भरू नये.

आता दाबाचे पाहू. वातावरण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भाराने दाबत असते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर पिशवीतला दाब साधारण पाचव्या हिश्श्याने कमी करू शकतो. तेवढ्यानेही 60 बाय 80 सेंटिमीटरच्या पिशवीच्या एका बाजूवर जवळपास एक टन भार येतो. तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो, म्हणून सपाट कापडाचे त्याने काही बिघडत नाही. त्रास होतो तो घडीवर. सुती धागा सेल्युलोजचा असतो आणि त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. ओलाव्याने हे बंध सुटतात आणि धागा ज्या स्थितीत वाकलेला असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. इस्त्री याच गुणावर चालते, आणि दमट पिशवीत चुण्या पक्क्या होतात त्याही याचमुळे. पॉलिएस्टर पाणी धरत नाही आणि साधारण 70 अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे रेणू जागचे फारसे हलत नाहीत. त्यामुळे शाळेचे गणवेश, ट्रॅकसूट, पडदे खुशाल भरावेत.

लोकरीची ऊब तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून येते. चारसहा महिने दबलेला स्वेटर वाफ दिली की बराचसा पूर्ववत होतो, तरीही पिशवीत थोडी हवा राहू द्यावी. पिसांच्या जाकिटांना मात्र दाबूच नये. पिसांचे नाजूक दांडे मोडले तर फुगारा परत येत नाही. कपडे धुऊनच भरावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. लोकर कुरतडतात त्या पतंगाच्या अळ्या, आणि घामाचे, अन्नाचे डाग त्यांना आणखी भावतात. कसर खळीवर ताव मारते, म्हणून सुती साड्या ठेवणीत टाकताना खळ काढून टाकावी. बंद पिशवी बाहेरच्या किड्यांना रोखते, पण आत गेलेली अंडी तेवढ्याने मरत नाहीत.

पैठणी मात्र या पिशवीत घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अस्सल जर म्हणजे रेशमी किंवा सुती धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची अतिशय पातळ चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. रेशीम वाकून पुन्हा सरळ होते, धातू वाकला की वाकलेलाच राहतो. पदराच्या घडीवर भार पडला की तिथली तार चेपते, तिला चीर जाते, आणि पुढे त्याच रेषेवर रेशीमही कातरते. जरीच्या काठावर भिंगातून पाहिले तर जुन्या घडीवर तुटलेल्या तारेची टोके वर आलेली दिसतात. शिवाय गंधकाच्या वाफांनी चांदी काळवंडते, आणि लोकरीच्या प्रथिनात गंधक असते. म्हणून पैठणी आणि लोकरी शाल एकाच बंद जागेत ठेवू नयेत. धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत साडी सैल गुंडाळावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, आणि दर तीनचार महिन्यांनी ती उलगडून घडी वेगळ्या जागी घालावी.